अण्णांची आखूड वायर

"हितं बसल्याशिवाय कळत न्हाय की," असं म्हणत आमचे साउंडवाले अण्णा चपला काढायचे आणि स्टेजवर चढून माझ्या जागेवर मांडी घालून बसायचे. डोळे मिटायचे आणि समोरच्या माइकात "ओंदु, एरडु, मूरु" असं कानडीत मोजायचे. तिथून उठून पेटीच्या जागेवर, मग ढोलकीच्या. समोर सतरंजीवर बसलेल्या बायकांना वाटायचं, हेच आजचे गायक. एका गावात तर एका आजीनं त्यांना तांब्या भरून पाणी आणून दिलं, गाण्याआधी घसा ओला असावा म्हणून. अण्णांनी ते निवांत पिऊन टाकलं, आजीला नमस्कार केला आणि खाली उतरून आपल्या टेबलामागं जाऊन उभे राहिले. कार्यक्रम संपेपर्यंत आजी त्यांच्याकडं रागानं बघत होती.

साउंडवाले तुम्हीही पुष्कळ बघितले असतील. टेबलामागं उभे असतात, चेहऱ्यावर असा भाव की हा सगळा कार्यक्रम आपल्यामुळंच चाललाय. अण्णांचं तसं नव्हतं. कार्यक्रम छान झाला तर "तुमचा गळा" म्हणायचे आणि फसला तर "माझी मशीन". मी म्हणायचे, "अण्णा, एवढं पण चांगलं असू नये माणसानं." त्यावर ते नुसते हसायचे.

मी दिवसा सोलापुरात एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आणि संध्याकाळी आमच्या गायन पार्टीची गायिका. भीमगीतं म्हणते, हळदीची गाणी म्हणते, कुणी फार आग्रह केला तर पाळणाही म्हणते. पार्टी म्हणजे पेटीवर एक निवृत्त मास्तर, ज्यांना आम्ही सर म्हणतो, आणि ढोलकीवर माझा धाकटा दीर बबन. अण्णा मूळचे अक्कलकोटच्या पलीकडचे लिंगायत. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि वायरनं शॉक मारला की दोन्ही एकदम. ते भेटल्यावर "शरणु" म्हणायचे, आम्ही "जयभीम" म्हणायचो आणि दोघांचंही समाधान व्हायचं. मला ते अक्का म्हणत. वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, तरी अक्काच.

तर झालं काय, मंद्रूपच्या एका कार्यक्रमात माझा सूर सुटला. एकदा नाही, चार-पाच वेळा. वरच्या सुराला गेले की आवाज खाली घसरायचा. आधीही कुठं कुठं असं झालं होतं, पण मी सर्दीवर ढकललं होतं. आता सर्दी किती दिवस पुरणार? कार्यक्रम संपल्यावर संयोजक हात जोडून म्हणाले, "बाईंनी आता जरा आराम करावा." चांगल्या शब्दांत सांगितलं हो, पण मला काय कळत नाही होय? सरांनी काही न बोलता पट्टी खाली उतरवायला सुरुवात केली होती, ते तर त्याहून लागलं. बावीस वर्षं गात होते मी. लग्नात मला नवऱ्यानं माळ घातली तेव्हा जेवढी बरी दिसत नव्हते, तेवढी गाताना दिसते, असं माझी आईच म्हणायची.

परत येताना टेम्पोत मी जाहीर करून टाकलं, "एप्रिलातली जयंती झाली की मी गाणं बंद करणार." सर खिडकीबाहेर बघायला लागले. बबन म्हणाला, "वहिनी, असं काय बोलता." पण मला थांबवलं कुणी नाही. बोलले ते अण्णाच.

"जयंतीला अजून दोन महिने हायेत. दोष तुमचा हाय का माझा हाय, ते बघू तर द्या. मग बंद करा, न्हायतर चालू ठिवा."

पुढच्या आठवड्यात अण्णांनी पुण्याहून एक आवाजाचा मिक्सर मागवला. हातभर रुंद आणि चार बोटं उंच, लोखंडी चौकटीत स्क्रूनं आवळून बसवायचा. तोंडावर बारक्या गोल बटणांच्या रांगाच रांगा. जुना मिक्सर एवढा मोठा होता की त्यावर दोन माणसांची ताटं मांडता आली असती, आणि आम्ही मांडलीही होती. हा नवीन त्याच्यापुढं अगदीच लहान. बबन म्हणाला, "अण्णा, आता सगळे टॅबवर बोट घासून आवाज कमी-जास्त करतात आणि तुमी हे काय जुन्या पद्धतीचं आणलं?" अण्णा म्हणाले, "ह्याचं बटण जितं ठिवलं तितं ऱ्हातंय की. तुझ्यासारखं न्हाय."

त्या मिक्सरचं काम एकच होतं. स्टेजवर आमच्याकडं तोंड करून जे स्पीकर ठेवतात, मॉनिटर म्हणतात त्यांना, तेवढेच त्यानं सांभाळायचे. कलाकाराला स्वतःचं गाणं त्यातूनच ऐकू येतं. लोकांकडं तोंड केलेल्या मोठ्या स्पीकरचा आवाज स्टेजवर नीट येतच नाही. जुन्या मिक्सरमधून सगळ्या मॉनिटरांना एकच आवाज जायचा, जणू एका पातेल्यातली आमटी सगळ्यांना. नव्यातून प्रत्येकाला त्याच्या आवडीचं वेगळं वाढता येणार होतं.

रविवारी दुपारी वस्तीतल्या समाजमंदिरात तो लावून बघायचं ठरलं. आम्ही नेहमीसारखे बसलो. आमच्या पार्टीत बसायची जागा ठरलेली असते. सासऱ्यांच्या काळापासून गायक मधे, ढोलकी उजवीकडं, पेटी डावीकडं. ढोलकीवाल्याला उजवी बाजू म्हणजे मान. त्यात कुणी बदल करायचा नाही. उजवीकडं जागा नाही, त्यामुळं माझा मॉनिटर डावीकडं, सरांच्या पुढ्यात.

अण्णांनी एकेकाला विचारलं, "काय पायजे?"

बबन म्हणाला, "माझी ढोलकी वाढवा."

सर म्हणाले, "पेटी जरा जास्त."

मी म्हणाले, "माझा आवाज."

"घ्या पायजे तेवढं," म्हणत अण्णांनी बटणं फिरवली. अहाहा, काय तो आवाज! प्रत्येकजण खूश. गाणं सुरू झालं. बबनला फक्त ढोलकी ऐकू येत होती, त्यामुळं तो रंगात येऊन पळत सुटला. सरांना फक्त पेटी ऐकू येत होती, ते ठाय लयीत डोलत राहिले. बबनचा दुसरा अंतरा संपला होता, सर अजून पहिल्याच अंतऱ्यात होते आणि मी मधेच कुठंतरी. तीन लग्नांच्या तीन वराती एका गल्लीत घुसल्या तर जसं होईल तसं झालं. अण्णांनी थांबवलं नाही. टेबलाला धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"आता माझं ऐका. गाणं अक्का म्हणतायत, तुमी न्हाय," असं म्हणून त्यांनी सगळ्यांच्या मॉनिटरात माझा आवाज घातला. गाणं लगेच एका रेषेत आलं. पण मी? मी वर गेले आणि घसरले. परत म्हटलं, परत घसरले. म्हणजे मशीनचा दोष नव्हताच. दोष गळ्याचा होता आणि तो सगळ्यांसमोर सिद्ध झाला होता. सरांनी पेटी मिटली. मी खाली मान घालून बसले. रडायचं नाही, एवढं एकच ठरवलं होतं.

थोड्या वेळानं अण्णा माझ्या उजव्या बाजूला येऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "अक्का, च्या घेता का?"

"घेते की," मी म्हणाले.

"मगाशी दोनदा इचारलं, तवा बोलला न्हाय."

"कधी विचारलं?"

"त्या बाजूला बसून," म्हणत त्यांनी माझ्या डाव्या हाताकडं बोट केलं.

अण्णा उठले. त्यांनी माझा मॉनिटर उचलून उजवीकडं आणला आणि बबनला म्हणाले, "उठ, पलीकडं बस. नवीन मिक्सरची वायर आखूड हाय. अक्कांचा बॉक्स डावीकडं पोचत न्हाय, हितंच ठिवावा लागतोय."

बबन भडकला. "माझ्या बापाची जागा आहे ती! वायर लांब घ्या की."

"लांब घेतली की शिट्टी मारतंय. तुला शिट्टी पायजे का जागा पायजे?"

बबन पुटपुटत डावीकडं गेला. मी गायला लागले आणि कितीतरी महिन्यांनी माझाच आवाज मला स्पष्ट ऐकू आला. वरच्या सुरावर गेले, तिथं थांबले, तिथंच राहिले. सरांनी न विचारता पट्टी परत वर चढवली. मी तीही म्हटली. आनंद एवढा झाला की त्या चहाच्या प्रश्नाचा विचारच मनात आला नाही.

तो आणला अण्णांनी, जाताना, दारात. "अक्का, गळा लई ब्येस हाय. कान दावून घ्या, डावा. ढोलकी चांगल्या कानाशी वाजत होती आन् तुमचा आवाज दुसऱ्या कानाकडं. मग सूर कसा सापडंल?"

मला काय राग आला! "तुम्ही डॉक्टर कधी झालात?" म्हणाले आणि निघून आले. आठ दिवस त्यांचा फोन उचलला नाही. खरं सांगायचं तर राग नव्हता तो, भीती होती. गायिकेला ऐकू येत नाही, हे एकदा बाहेर गेलं की संपलं. आमच्या क्षेत्रात सूर सुटला तर लोक माफ करतात, पण बहिरी म्हणून नाव पडलं की जन्मभर हसतात. नवव्या दिवशी अण्णा घरीच आले. हातात शेंगाचटणीचा डबा. आले ते माझ्या उजव्या बाजूच्या खुर्चीत बसले आणि सोलापुरात ऊन किती वाढलंय यावर अर्धा तास बोलले. कानाचं नावही काढलं नाही. त्या माणसावर किती दिवस रागावणार?

डॉक्टरांनी तपासलं. डाव्या कानाची नस कमजोर झालेली, ती परत सुधारणार नाही, उजवा ठणठणीत. मी अण्णांना फोन केला. "कुणाला सांगू नका."

"मी काय सांगणार?" अण्णा म्हणाले. "माझी वायर आखूड हाय."

जयंतीच्या कार्यक्रमात मी गायले आणि एकाच गाण्याला दोनदा वन्स मोअर आला. गाणं बंद करण्याचं कुणी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. पुढं तीन वर्षं, चिंचोळी एमआयडीसीतल्या कामगारांच्या कार्यक्रमापासून ते लग्नाच्या हॉलपर्यंत, बबन दर वेळी उजवीकडं बसायला जायचा आणि अण्णा दर वेळी ओरडायचे, "वायर आखूड हाय की!" एकदा तर मी बघितलं, टेबलाखाली चांगली दहा हात वायर गुंडाळून ठेवली होती आणि अण्णा तिच्यावर पाय देऊन उभे होते. सगळ्या गावात बदनामी झाली बिचाऱ्यांची. इतर साउंडवाले हसायचे, एवढा जुना माणूस आणि ह्याला साधी वायर मिळेना. अण्णा हसण्यावारी न्यायचे.

मग त्यांचे गुडघे गेले. स्टेजची पायरी चढताना हात द्यावा लागायला लागला. बायकोनं हट्ट धरला आणि अण्णा गावाकडं, शेतावर राहायला गेले. सामान कुणाकुणाला देऊन टाकलं. निघताना मला म्हणाले, "अक्का, नवीन माणसाला काय सांगायचं ते तुमी ठरवा." मी म्हणाले, "सांगेन काहीतरी." आणि काय सांगायचं याचा विचार टाळत राहिले.

तो टाळता आला माळशिरसपर्यंत. तिथं साउंडवाला नवा, पन्नाशीचा, शांत माणूस. सामान चकाचक आणि वायरी स्टेजला तीनदा वेढा घालतील एवढ्या लांब. बबननं ते बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. जाऊन बसला माझ्या उजवीकडं, बापाच्या जागेवर. साउंडवाल्यानं मॉनिटर डावीकडं ठेवला आणि विचारलं, "ठीक आहे ना, मॅडम?"

समोर मैदान भरलेलं. मला आता एखादं खोटं सुचायला हवं होतं. काहीच सुचेना. खोटं बोलायचं खातं सगळं अण्णांकडं होतं ना! हो म्हणाले असते तर पुन्हा मंद्रूप झालं असतं. मी त्या माणसाकडं वाकले आणि म्हणाले, "उजवीकडं ठेवा. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही."

माइक चालू होता.

माझं वाक्य सगळ्या मैदानावर गेलं, पार रस्त्यापलीकडच्या दुकानांपर्यंत. सरांची बोटं पेटीवर तशीच राहिली. बबन माझ्याकडं बघत राहिला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाला, "म्हंजे, वहिनी, वायर आखूड नव्हती?" मी मान हलवली. त्यानं ढोलकी उचलली, उठला आणि मुकाट माझ्या डाव्या बाजूला येऊन बसला. डोळे पुसत होता, पण मला दाखवत नव्हता.

तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक म्हातारी ओरडली, "मग काय झालं गं? मला तर दोन्हीनं कमी येतंय, म्हणून म्होरं येऊन बसलेय की! म्हण तू!"

मैदान हसलं. मीही हसले. अण्णा टेबलामागं असते, तर मी पहिला सूर लावेपर्यंत त्यांनी माइक उघडलाच नसता, माझा शब्द कुणाला ऐकू जाऊ दिला नसता. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, बरं झालं अण्णा नव्हते. आणि लगेच एवढी आठवण आली की पहिली ओळ मला दोनदा सुरू करावी लागली.