पाळणाघर : आहे

मी चांगदेव. शिरूरच्या एका कॉलेजात तीस वर्सं शिपाई हाय. प्राध्यापक लोकांची कवतिकं मला सांगू नका, त्यांचा चहा मीच नेतो.

पन गौतमी मॅडमचं येगळं. इतिहास शिकवतात. न्हावऱ्याहून यष्टीनं येतात, गाडीतच पेपर तपासतात. एकदा पेपराच्या कडंला ‘पेंड, डायपर, गॅस’ लिवलं. पोरगं इचाराया आलं, "मॅडम, ह्ये कुठल्या प्रश्नाचं उत्तर?" खोदून काढल्याल्या इनामगावात तीन हजार वर्सांमागं चुलीवर काय शिजायचं ते मॅडमना ठावं, पन आज घरी काय शिजनार ते न्हाई.

घरी दहा महिन्यांचा आयुष. नवरा कंपनीत, शिफ्टला. पोर सासूबाई बघायच्या, त्या गोठ्यात घसरल्या आन् पाय मोडून बसल्या. मॅडमनी प्राचार्यांना इनवलं, "सर, माझे सगळे तास सकाळी लावा. एक वाजता सोडा, बाकीचं काम घरून करते."

"मॅडम, पाच वाजता मशीनवर अंगठा पाहिजे. नियम म्हणजे नियम."

आता बगा! तास असू दे नसू दे, मानसानं खुडूक कोंबडीवानी खुर्चीवर बसायचं! माझं टाळकंच फिरलं.

सोमवारी मॅडमनी माझ्या हातात पाकीट दिलं. राजीनामा. "मामा, सरांच्या टेबलावर ठेवा." डोळं भरल्यालं. मी पाकीट खिशात घातलं आन् मुद्दाम इसरलो.

बुधवारी तपासनी समिती यायची व्हती. कॉलेजनं फॉर्मात लिवलं व्हतं, ‘पाळणाघर : आहे’. कुठं हाय? खेळाच्या सामानाच्या खोलीत! मंगळवारी मी चेंडू, जाळ्या, भाले भायेर काढले, दारावर पाटी ठोकली. पाळना प्राचार्यांच्या घरून आला. ऱ्हायलं पोर. प्राचार्य सोता मॅडमकडं गेले, "एक दिवसापुरता आयुषला आणाल का?" नियमवाला मानूस, आन् पोर उसनं मागतोय!

बुधवारी समितीतल्या एक बाई खोलीत आल्या. प्राचार्यांनी आयुषला लाडानं उचललं. पोरानं असा टाहो फोडला का पार गेटवरचा वॉचमन पळत आला. मी पोर हातातनं घेतलं, खांद्यावर टाकलं. गप!

"कोण सांभाळतं मुलांना?" बाईंनी इचारलं.

प्राचार्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हे आमचे पाळणाघरप्रमुख."

आयला, तीस वर्सांत पयलं प्रमोशन!

"जेवतो कधी हा?"

"अकराला मऊ भात, वर तूप. बाराला झोप. भाला दिसला का हसतो."

एक भाला दारामागं ऱ्हायलाच व्हता. बाईंनी बगितला न्हाई, नशीब. खूश झाल्या, अहवालात पाळनाघराची वाहवा केली आन् वर लिवलं, दर महिन्याला मुलांची माहिती पाठवा.

गाड्या गेटाभायेर गेल्या तसे प्राचार्य म्हनले, "मामा, चेंडू आत टाका."

मी खिशातलं पाकीट काढलं. "साहेब, एक टपाल ऱ्हायलं व्हतं. पाळनाघरात पोर एकच, आन् त्याची आई चाललीय. महिन्याला माहिती कुनाची धाडायची? माझी?"

प्राचार्यांनी वाचलं, घाम पुसला, पाकीट माझ्याकडं माघारी दिलं. "मॅडमना म्हणावं, टाइमटेबल बदलू."

आता मॅडमचे तास एकपर्यंत, तवर आयुष माझ्याकडं. मॅडमनी राजीनामा फाडला, त्याच कागदाशी आयुष दिवसभर खेळला.

रातच्याला घरी जेवताना मी ह्ये सगळं मिशीला पीळ देऊन सांगितलं. लेक सुवर्णा म्हायेरी आलीय. तिलाबी केंदूरच्या शाळंत नोकरी व्हती. पोर झालं तवा सोडली. ‘सोड, बाईच्या जातीला घर म्हत्त्वाचं’ आसं म्हननारा मीच.

तिनं भाकरी थापता थापता इचारलं, "आबा, माझ्या पोराच्या टायमाला तुमी कुठं व्हता?"

मिशीवरचा हात खाली आला. लई वंगाळ वाटलं. म्हनलं, "चुकलं गं माझं, बाई."

तिनं ताटात भाकरी टाकली. करपल्याली व्हती. मी गुमान खाल्ली.