दोन विहिणींचा क्रॉसओव्हर

कॉमिकवेड्यांनो, आज आमच्या नॉटिंगहॅमच्या घरात खराखुरा क्रॉसओव्हर झाला!

दोन वेगळ्या कंपन्यांचे सुपरहिरो एका अंकात भेटले की काय होतं, आपल्याला पाठ आहे. आधी आपसात हाणामारी, मग तिसरा शत्रू उगवतो आणि दोघांची युती.

तर बाळासाठी पुण्याहून माझी आई आलीये आणि नागपूरहून सासूबाई. मालिशीवरून आठवडाभर धुसफूस चालली होती. आईला खोबरेलच हवं, सासूबाईंना तिळाचंच.

आज सकाळी हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरी येऊन बाळ तपासणारी इथली सरकारी नर्स, बाळाला बघायला आली. तेलाच्या बाटल्या बघून गोड हसत म्हणाली, तेल अजिबात नको. मी ते मराठीत सांगितलं.

"हिला स्वतःची मुलं किती, विचार रे," आई म्हणाली.

"विचाराच, जावईबापू!" सासूबाई म्हणाल्या.

आठवड्यातलं पहिलं एकमत! मी कसला विचारतोय!

ती गेल्याबरोबर आई पाय पसरून बसली. सासूबाईंनी बाळाला तिच्या पायांवर ठेवलं. वाटीत अर्धं खोबरेल, अर्धं तिळाचं. बाळ मालिश होता होताच झोपलं.

हेल्थ व्हिजिटर आता थेट महिन्याने येणार. तोवर युती टिकवायला शत्रू तर लागेलच. तुमच्या घरी तो कोण होता? जावई नव्हता ना?