अंगणातल्या दोन फेऱ्या

बाळांनो, जुन्नरला आमचं घर टपालकचेरीला लागून होतं. घोडेगावहून टपालाची थैली घेऊन एक माणूस पळत येई. माझ्या वडिलांच्या वयाचा. थैली आत दिल्याशिवाय तो घामही पुसत नसे. मग आमच्या ओसरीपाशी येऊन गूळ खाई, गडूभर पाणी पिई. बसत मात्र कधीच नसे. म्हणे, "बसलो की पाय रुसत्यात."

मी तेव्हा नुकतीच इंग्रजी शिकलेली. त्या दुपारी पोहे खाता खाता चार मुलींना सांगत होते की, वजन उचलून स्नायू बळावतात, पळून दम वाढतो, आणि चुलीत लाकूड जळावं तसं पोटातलं अन्न जळून अंगात शक्ती येते. तेवढ्यात तो आला.

"अरे, अंगणात दोन फेऱ्या पळून दाखव. यांना तुझे श्वास मोजू दे."

"आज लई पळलोय, बाई," तो हसला, पण पळाला. दुसऱ्या फेरीत त्याने खांब धरला आणि चक्क खाली बसला. मी घाईने गूळपाणी पुढे केलं. गूळ त्याने उपरण्याच्या टोकाला बांधला, पाणी परत केलं.

"रोजा हाय, बाई. पहाटंपासनं चूल इझलीया," तो म्हणाला. "पोरींना समजलं न्हवं?"

मुलींनी माना हलवल्या. आठ दिवस तो गूळ असाच बांधून नेत होता, आणि माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

मी पोह्यांची ताटली पदराआड सारली. त्याने ती आधीच पाहिली होती.