हात सुटला तिथेच

ह्यांच्या डोळ्यांत काचबिंदू आहे हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती दिवस टिकेल त्याचा भरवसा नाही. काही बघायचं राहिलं असेल तर बघून घ्या, असंही ते म्हणाले, अगदी सहज, जेवून घ्या म्हणावं तसं. परतीच्या एसटीत हे औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. पाली आली, माझं माहेर तिथलं, म्हणून मी सवयीने खिडकीतून बाहेर बघत होते. तेव्हा म्हणाले, "ती होडी बघायची हाय."

कुठली होडी हे मला विचारावं लागलं नाही. हे लाकडी होड्या बांधायचे. मिरकरवाड्याला बंदराच्या मागे त्यांची शेड होती. फायबरच्या होड्या आल्या आणि बांधणीचं काम गेलं, मग डागडुजीवर दिवस काढले. त्या शेडमध्ये हत्यारांच्या वर एक कॅलेंडर लटकलेलं असायचं. महिन्यांची पानं कधीच फाटून गेली होती, चित्र तेवढं उरलेलं. व्हेनिसचा कालवा, त्यात लांबलचक काळी होडी, वर उचललेली नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पट्ट्यांचा शर्ट घातलेला वल्हेकरी आणि बसायला लाल गादी. चहा पिताना ह्यांचं लक्ष त्या नाळेवर. "फळी न तडकता एवढी वळवली कशी असंल?" हा प्रश्न मी लग्न झाल्यापासून ऐकत आले. मी शाळेत भूगोल शिकवायचे. ते शहर खाजणाच्या चिखलात लाकडी खांब ठोकून उभं केलंय वगैरे मी सांगायला लागले की म्हणायचे, "तुला गावाचं ठाऊक गो. होडीचं काय?"

तर असे आम्ही निघालो. एकट्याने जायची हिंमत नव्हती, म्हणून एका टूरमध्ये नाव घातलं. आमच्या मॅनेजरच्या हातात पिवळा झेंडा, पाठीमागे आम्ही सगळे काका-काकू. तोपर्यंत ह्यांना फक्त समोरचं दिसत होतं, पाइपातून बघावं तेवढंच. आजूबाजूला काळोख. चालताना हे माझ्या पर्सचा पट्टा धरत आणि मी पायरी आली, उतार आला, असं सांगत राही. परदेशात अशी माणसांची दाटी असेल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. फोटोत सगळं कसं मोकळं असतं. प्रत्यक्षात पहिल्या शहरात आम्ही चर्चसाठी रांगेत उभं राहिलो आणि आत जाऊन पुढच्या माणसाच्या पाठीवरची बॅग बघून बाहेर आलो. दुसऱ्या शहरात एक पुतळा होता म्हणे. तिथे मला उंच धरलेले मोबाइल दिसले, ह्यांना तेही नाही. हे हसायचे. म्हणायचे, "मला कुठं हे बगायचं होतं?"

व्हेनिससाठी मात्र मी आधीपासून मॅनेजरच्या मागे लागले. मुंबईतल्या भाच्याने सांगितलं होतं की तिथे पहाटे चिटपाखरू नसतं, नऊनंतर पाय ठेवायला जागा नाही. मी मॅनेजरला म्हटलं, ह्यांच्या डोळ्यांचं असं आहे, आम्हाला पहाटे घेऊन जा. तो भला मुलगा होता, पण त्याच्या हातात काही नव्हतं. हॉटेल शहराबाहेर लांब, बस निघणार नाश्ता झाल्यावर. "काकू, आपली होडीची वेळ ठरलेली आहे. काकांना पहिल्या होडीत बसवतो, काळजी करू नका," एवढं बोलला. त्या रात्री ह्यांनी मला इस्त्रीचा शर्ट काढून ठेवायला सांगितला.

धक्क्यावर उतरलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. जगातली सगळी माणसं त्या दिवशी तिथेच उतरली असावीत. झेंड्यामागे झेंडे, पिवळे, लाल, कुणाची छत्री. बोळ एवढे अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली की एकाने भिंतीला चिकटायचं. बोळ संपल्यावर पूल होता आणि पुलापलीकडे, खाली उतरल्यावर, होड्यांचा घाट. मॅनेजर मागे वळून ओरडला, "पुलावरून खाली बघा, सगळ्या होड्या दिसतील." ह्यांची पावलं भराभर पडायला लागली.

पुलाच्या पायथ्याशी एक मोठा घोळका आमच्या मधून घुसला. पट्टा ताणला गेला आणि सुटला. वळून बघेपर्यंत मी दोन पायऱ्या वर ढकलले गेले होते. उतरायला बघते तर मागून येणाऱ्या माणसांनी मला उचलल्यासारखं वर नेलं. "अहो, अहो" करून मी घसा फोडत होते. ह्यांना नावाने हाक मारायची सवय नाही, त्या क्षणीही तोंडात आलं नाही. दुसऱ्याच कुठल्या टूरमधले एक काका वळून बघायला लागले. पुलाच्या माथ्यावरून मी मागेच बघत होते, ह्यांची पांढरी टोपी दिसते का म्हणून. पलीकडे उतरले तिथे दोरी लावून एक माणूस शिट्टी फुंकत उभा. जायचं एकाच बाजूने, परत फिरायचं नाही. मी मराठीत, इंग्रजीत, हात जोडून सांगितलं. तो शिट्टी फुंकत राहिला. ह्यांचा मोबाइल माझ्या पर्समध्ये, कारण पाकीटमार असतात म्हणून मीच ठेवून घेतलेला.

मॅनेजरने सकाळी बजावलं होतं की कुणी चुकलं तर घड्याळाच्या मनोऱ्याखाली यायचं. तिथे शोधावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. शिमग्यात पालखी नाचवताना ह्यांचे वडील लहानपणी ह्यांना त्या गर्दीत घेऊन जायचे, तेव्हापासूनचा ह्यांच्या घरचा नेम आहे. हात सुटला तर सुटला तिथेच उभं राहायचं, शोधणारा मागे येईल. आमची मुलंही ह्याच नेमाने वाढली. म्हणजे हे हलणार नाहीत याची मला पक्की खात्री होती. पण मागे जायला वाट नव्हती, ही गोष्ट शिमग्यात कधी आलीच नव्हती.

दुसरा पूल शोधत मी बोळांतून फिरले. एके ठिकाणी एक म्हातारी भाजीची चाकाची पिशवी घेऊन आपल्याच दारासमोर अडकून पडली होती. माणसं थांबेनात, तिला रस्ता ओलांडता येईना. तिने माझ्याकडे पाहिलं. डिसेंबरात आमच्या घरासमोर, मांडवीच्या रस्त्यावर, बाहेरगावच्या गाड्या अशा लागतात की मला माझ्या फाटकातून बाहेर पडता येत नाही, तेव्हा मी त्या गाडीवाल्यांकडे अशीच बघते. मला लाज वाटली, पण थांबले नाही. मीही तिला धक्का मारून पुढे गेले.

शेवटी दुसऱ्या पुलावरून वळसा घालून पहिल्या पुलाच्या पायथ्याशी आले, तर हे तिथेच होते. भिंतीला पाठ लावून, एक तळवा भिंतीवर टेकवून. माणसं दोन्ही बाजूंनी चालली होती आणि कुणाचा कोपरा लागला की हे आणखी भिंतीत शिरायचे. इस्त्रीचा शर्ट घामाने भिजला होता. मी हात धरला तरी भिंतीवरचा तळवा काही सुटेना. भर वादळात होडीवर उभा राहिलेला माणूस हा.

"हललो नाय गो," म्हणाले.

"बरं केलंत."

"लोक ओढत व्हते. वर जायला सांगत व्हते. मी म्हटलं, हलायचं नाय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. कुणीतरी भली माणसं ह्यांना पायऱ्या चढवत होती. त्यांच्याबरोबर गेले असते तर हे पुलाच्या माथ्यावर पोचले असते आणि समोर होडी असती, डोळ्यांच्या पाइपात बरोबर मावेल अशी. मी म्हटलं, "चला, थोड्याच पायऱ्या आहेत." ह्यांनी माझा दंड दोन्ही हातांनी धरला. "नको. परत त्यात नको. हितनं ने मला." मी पुन्हा म्हटलं. चिडूनही म्हटलं. एवढ्या लांब आलो ते कशासाठी, असंही म्हटलं. हे मान हलवत राहिले. तेवढ्यात मॅनेजर धापा टाकत आला. होडीची आमची वेळ टळली होती, आणि पुन्हा रांग लावायची तर बस गाठता आली नसती. बाकीचे काका-काकू जाऊन आले होते, चेहरे फुललेले. एका काकूंनी मला फोटो दाखवायला मोबाइल पुढे केला. मी तो हाताने बाजूला सारला. आजही त्याचं मला काही वाटत नाही.

बसमध्ये हे झोपले. मी रडले. रुमाल तोंडात धरून रडले, कारण मागे अंताक्षरी चालली होती.

आता ह्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. संध्याकाळी आम्ही मांडवीच्या जेटीवर जाऊन बसतो. सुट्ट्यांत तिथेही हीच गर्दी, सेल्फी, भेळेचे कागद. परवा कुणाचा तरी धक्का लागला तशी ह्यांनी माझी पर्स चाचपून पट्टा धरला आणि धरूनच बसले. मग विचारलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, "तू वर गेलीस तेव्हा दिसली असंल ना?"

मी सांगायला लागले. काळी होती, लांब होती, नाळ ही एवढी वर उचललेली. पट्ट्यांचा शर्ट, लाल गादी. चांगलं रंगवून सांगत होते, वर्गात सांगायचे तसं.

हे ऐकत होते. मग म्हणाले, "ही शेडमधल्या कॅलेंडरावरची. तू काय बगितलंस?"

मला खोटं पुढे रेटता आलं नाही. म्हटलं, पुलावरून मी मागे बघत होते. तुमची टोपी शोधत होते.

"म्हंजे खाली बगितलंच नाय."

"नाही."

ह्यांनी पट्ट्यावरून अंगठा फिरवला. जेटीखाली पाणी आपटत होतं. मग पट्टा सोडून म्हणाले, "चल, घरी जाऊ." मी उठले. ह्यांचा हात धरला, आणि पायरी आहे म्हणून सांगितलं.