तिच्या जागी दुसरीचा आवाज

त्या बाईचा आवाज मी रेडिओवर जाऊ दिला नाही. तसं करायला मला वरून कुणी सांगितलं नव्हतं. ते माझंच काम.

सत्तरच्या दशकात मी आरोग्यप्रचाराच्या नोकरीत होतो. खेड्यांत जायचं, आयांना बोलतं करायचं, ते टेपवर घ्यायचं आणि रेडिओसाठी कार्यक्रम बांधायचा. त्या वेळी विषय होता अंगावरच्या दुधाचा. आसेगावच्या बाजूच्या एका गावात मला एक तरुण शेतकरीण भेटली, मांडीवर तान्हं पोर घेऊन बसलेली. बाळंतिणीचं पहिलं पिवळं दूध, म्हणजे चीक, आमच्याकडे पिळून टाकत आणि बाळाला गुळाचं पाणी चाटवत. हिनं सासूशी भांडून चीक पाजला होता.

मी माइक पुढे केला तसा तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "गाय व्याली का तुमी पह्यले वासराले सोडता. मंग माह्याच लेकराले काहून उपाशी ठेवता वो?"

मागून सासू ओरडली, "घ्या! आता हे मले गायीपासून शिकवून राह्यली!"

जमलेल्या बाया खळखळून हसल्या. निघताना तिनं मला विचारलं, "साहेब, माहाच आवाज येईन ना? जाव पोटुशी हाये माही. घरात माहं कोनी आयकत नाई, पन रेडिओचं आयकतीन."

"तुमचाच येईल," मी म्हणालो.

शहरात येऊन टेप ऐकली. मागे कोंबड्या, बायांचं हसणं आणि ती बोली. माझी आई घरी अशीच बोलायची, आणि चारचौघांत मला तिची लाज वाटायची. मी नवा मजकूर लिहिला: 'मातेचे प्रथम दुग्ध बालकास अमृतासमान असते.' तो एका शिकलेल्या बाईंकडून वाचून घेतला. जुनी टेप पुसून पुढच्या गावाला वापरली.

काही महिन्यांनी पुन्हा त्या गावी जाणं झालं. ती ओसरीवर तूर पाखडत होती. सुपावरून नजर न उचलता तिनं सगळं सांगितलं. कार्यक्रमाच्या दिवशी तिनं दिराकडून रेडिओत नवे सेल टाकून घेतले होते. गल्लीतल्या बाया बोलावल्या, जावेला सगळ्यांत पुढे बसवलं. आणि रेडिओतून भलतीच बाई बोलली, तेही कुणाला न कळणाऱ्या पुस्तकी भाषेत.

"सासू म्हने, हा तुहा आवाज हाये? मंग इतके दिवस घरात कोन बोलून राह्यलं होतं?"

बाया हसत घरी गेल्या. पुढे जाव बाळंत झाली तेव्हा ही जीव तोडून सांगत राहिली, पण खोटारडीचं कोण ऐकतं? चीक राखेत पिळला. बाळ वाचलं, पण हगवणीनं पार वाळून गेलं.

"मशीन बिघडली होती," मी म्हणालो.

तिनं वर पाहिलं. चेहरा एकदम मोकळा झाला. "असं होय! मले वाटलं, माहंच बोलनं काई चुकलं असन." आणि ती माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेली. तो चहा मी प्यालो.

त्यानंतरच्या रविवारी रजेवर असताना मी एसटीनं त्या गावी गेलो. सासू बाजेवर बसली होती, जाव बाळाला पाजत होती. बाळाच्या मनगटात काळा दोरा सैल लोंबत होता. ती दारात उभी राहिली.

"आता कायले आले?" सासूनं विचारलं. "मशीन तं दिसत नाई."

किती वर्षांनी माझ्या तोंडात आईची बोली आली.

"मशीन बिघडलीच नोती, मावशी. तुमच्या सुनेचा आवाज चांगला आला होता. मीच तो पुसला. मले आपल्या बोलीची लाज वाटली." मग मी दाराकडे वळलो. "बाई, तुमचं काईच चुकलं नाई. खोटं तुमी नाई बोलल्या, मी बोललो, आन् तेबी दोनदा. त्या लेकराचं जे झालं, ते माह्यामुळं झालं. मले माफ करा."