बर्फातली माझी हाक

देवदारांच्या काळोख्या रांगांतून, गुडघाभर बर्फात, गावाकडच्या धनगराने विणलेली काळी घोंगडी पांघरून चाललेले आबा — माझ्या वडिलांचे हे रूप साठ वर्षांनंतरही डोळ्यांपुढे जसेच्या तसे उभे राहते. घोंगडीच्या लोकरीत हिमकण अडकत, ओलसरपणाने तिला मेंढरांचा जुना वास सुटे, आणि त्या वासाखालून दुसरा एक वास येई... तेजाबाचा, सोने शुद्ध करायच्या जहाल आम्लाचा. विट्याच्या कितीतरी माणसांप्रमाणे आबाही परमुलखात, पठाणकोटच्या बाजारात, सोने गाळण्याचे दुकान चालवीत. भट्टीवर तेजाब तापले की तपकिरी धूर निघे आणि घशात चरचरत राही. त्या धुराचा वास आबांच्या अंगाचाच होऊन गेला होता. हिमालयाच्या स्वच्छ हवेलाही तो पुसता आला नाही.

त्या रानाला आता राष्ट्रीय उद्यान म्हणतात. माझ्या थोरल्या भावाचा, अण्णाचा, नातू यंदाच्या पौषात तिथे जाऊन आला आणि घरातल्या सगळ्यांच्या फोनवर त्याने एका बर्फाळ वळणाचे छायाचित्र पाठवले. सोबत मजकूर — ‘धाकटे आजोबा थंडीनं रडले ती हीच जागा.’ त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मी तत्काळ फोन लावला.

“जागा ती नव्हे, आणि मी रडलो नव्हतो.”

“आवं, आमचं आजोबा दर लग्नात सांगायचं की. तुमी गळा काढला म्हणून समद्यास्नी माघारी फिराय लागलं.”

“त्यानं मला रडताना पाहिलं होतं का?”

“आता त्यास्नी कुठं जाऊन इचारू?”

चार पंगतींत सांगितलेल्या गोष्टीला आमच्या घरात पुरावा लागत नाही. ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, ते माझ्या रडण्याचा सूर काढून दाखवतात. म्हणून घडले ते एकदा लिहून ठेवतो.

मी नऊ वर्षांचा होतो, अण्णा सतराचा. “पोरास्नी बर्फ दावतो,” म्हणून आबांनी आयुष्यात एकदाच विनाकारण दुकान बंद ठेवले. माथ्यावरच्या कुरणातून पलीकडची शिखरे दिसतात, असे रानाच्या रखवालदाराने सांगितले, तसा अण्णा उतावळेपणाने पुढे सुटला आणि वळणाआड गेला. आबा मात्र एका उन्मळलेल्या खोडावर बसले. त्यांच्या छातीतून फाटक्या भात्यासारखा आवाज येत होता... ओठ निळसर पडले होते.

“अण्णाला हाक मार,” ते म्हणाले. “म्हन, मला थंडी वाजती.”

“मला न्हाई वाजत, आबा.”

“म्हन रं गड्या.” मग बराच वेळ श्वास जुळवून, “माज्या छातीचं त्याला कळू द्यायचं न्हाई. उन्हाळ्यापास्नं त्याला भट्टीवर बसवायचाय. भ्याला तर बसायचा न्हाई त्यो.”

मी हाक मारली. ती हाक होती, रडणे नव्हे. अण्णा बर्फ लाथाडत परतला. “तुला आणायलाच नगं हुतं,” एवढेच म्हणाला. ती शिखरे त्याला पुढेही कधीच दिसली नाहीत.

उन्हाळ्यात तो भट्टीवर बसला आणि चाळीस वर्षे बसून राहिला. मी बोललो नाही — आधी आबांच्या धाकाने. आबा गेल्यावर, आता सांगून काय उपयोग, म्हणून. शेवटच्या वर्षी विट्याच्या घरी अण्णाच्या खाटेशेजारी प्राणवायूचे नळकांडे उभे असे. तपासायला आलेल्या डॉक्टरांनाही त्याने दर दोन शब्दांनी थांबत तीच गोष्ट ऐकवली.

“लय रडका हुता बगा ह्यो,” तो हसत म्हणाला.

मी तोंड उघडले... त्याच्या वरखाली होणाऱ्या बरगड्या पाहिल्या...

“व्हय अण्णा,” मी म्हणालो, “लय थंडी हुती.”

त्याच्यापुढे मी ते मान्य केले, आणि त्याच्यापुरतेच. बाकीच्यांनी आपली गोष्ट दुरुस्त करून घ्यावी. त्या दिवशी त्या रानात मला मुळीच थंडी वाजत नव्हती.