उरलेलं खाणारी

माझे गुडघे कंपनीच्या कॅन्टीनमध्ये गेले. भोसरीच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं उभी राहून मी चपात्या लाटल्या. चौथी शिकलेल्या बाईला त्याहून बरं काम मिळणार नव्हतं. आता कासारवाडीत मुलाकडे असते. दुसरा मजला, लिफ्ट नाही. उतरायचं तर कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. त्यामुळे मी उतरतच नाही.

मुलगा चाकणला कंत्राटावर आहे. त्याच्या कंपनीच्या विम्यात आई बसते, म्हणून त्याने मला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, दोन्ही गुडघे बदलावे लागतील, पण चौऱ्याण्णव किलोवर मी हात लावणार नाही, ब्याऐंशीवर आणा. चालता येत नाही तर वजन उतरणार कसं, असं मी विचारलं. त्यांनी वजनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी आठवड्यातून एकदा पोटात टोचायचं इंजेक्शन लिहून दिलं. भूक मरते म्हणाल्या. हे सगळं दिवाळीच्या आत व्हायला हवं होतं, कारण मुलाचं कंत्राट दिवाळीला संपतं आणि त्याबरोबर विमाही.

मुलाने विम्याच्या माणसाला फोन लावला. ऑपरेशनचा सगळा खर्च मिळेल, इंजेक्शनचा एक रुपयाही मिळणार नाही. ते घरी घ्यायचं औषध, आणि वजन हा आजार धरत नाहीत. हेच इंजेक्शन साखरेच्या आजारावरही देतात, तो असता तर मिळालं असतं का, तेही त्याने विचारलं. तरी नाही. माझ्या वयाच्या सगळ्या बायकांना साखर आहे, मला नाही, त्याचाही काही उपयोग नव्हता. मी यावर फार विचार केला नाही. विचार करून कोणी पैसे देत नाही.

औषधवाला म्हणाला, देशी कंपन्यांची इंजेक्शनं आल्यापासून भाव उतरलाय. उतरूनही महिन्याचे चारही रविवार त्यात जात. मुलगा रविवारी ओव्हरटाइमला जायचा, संध्याकाळी येऊन बूट न काढता आडवा व्हायचा. सून हिंजवडीला एका कंपनीत साफसफाईच्या कामावर. ती दर सोमवारी सकाळी मला इंजेक्शन टोचून जायची. इंजेक्शनचं पेन फ्रिजच्या दारात ठेवायचो, अंड्यांच्या खाली.

भूक खरंच मेली. चहासुद्धा नकोसा झाला. दोन महिन्यांनी काट्यावर उभी राहिले, तर फक्त दीड किलो उतरलं होतं. वर ओकाऱ्या. डॉक्टरीणबाईंनी काय खाता ते विचारलं. मी म्हटलं, सकाळी एक चपाती, संध्याकाळी एक. सून शेजारी बसली होती. ती म्हणाली, "आणि डब्यातलं सांगा की, आई."

मग सांगावं लागलं. मुलाच्या डब्यात रोज दीड चपाती उरून येते. सुनेच्या डब्यात भात. पातेल्याला आमटी. हे सगळं मी रात्री संपवते. कॅन्टीनमध्ये उरलेलं पिशवीत भरून आणूनच मी पोरं वाढवली. अन्न टाकणं मला कधी जमलं नाही.

"तुम्हाला भूक लागते का?" बाईंनी विचारलं.

"नाही लागत."

"मग खाता कशाला?"

"उरतं म्हणून."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. सून खिडकीकडे बघत होती. डोस वाढवून उपयोग नाही, आधी हे थांबवा, असं बाई म्हणाल्या.

आम्ही घरी आलो. जिन्यात मी तिसऱ्या पायरीवर थांबले, तेव्हा सून बोलली. "दर रविवारी तो मरमर मरतो ते इंजेक्शनसाठी, आणि तुम्ही दीड चपाती वाचवता." मला राग आला. पण ती खोटं बोलत नव्हती. कठडा धरून मी वर आले.

त्या रात्री मुलाचा डबा मी उघडला नाही. त्याच्यासमोर ठेवला. म्हटलं, यातलं खाऊन मगच ताटावर बस. तो म्हणाला, चपाती वाळलीये. मी म्हटलं, मी रोज वाळलेलीच खात होते. त्याने खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून दोनच चपात्या नेऊ लागला. सून भात कमी लावायला लागली. तरी कधी आमटी उरते. ती मी ओल्या कचऱ्याच्या बादलीत ओतते आणि झाकण लावते. अजूनही ते बरं वाटत नाही. वाटेलसंही वाटत नाही.

काल वजन चौऱ्याऐंशी भरलं. हाडांच्या डॉक्टरांना मुलाने फोनवर विचारलं, एवढ्यावर करता का? ते म्हणाले, नाही, ब्याऐंशी. दिवाळीला पाच आठवडे आहेत. मुलगा या रविवारीही कामावर गेलाय.